डावीकडचं पांढरं

चुन्याच्या भट्टीवरचा माणूस अंथरुणाला खिळला की तिसऱ्या दिवशी त्याच्या घराला चुना लागायचा, ही त्या वस्तीची रीत होती. कुणाला सांगावं लागत नसे. सकाळचं काम उरकलं की बायका आपापल्या बादल्या आणि कुंचे घेऊन दारात उभ्या राहत, घरातलं सामान अंगणात काढत आणि आतून-बाहेरून दोन-दोन हात मारून टाकत. द्यायला दुसरं होतं काय कुणाकडे? चाळणीखाली सांडलेला, मालकाच्या मापात न येणारा चुना तेवढा सगळ्यांच्या घरी होता. त्यानं किडामुंगी मरते, वास जातो आणि पडून राहिलेल्या माणसाला घरात उजेड वाटतो. त्याच्यामागचं शास्त्र एवढंच.

थंडीच्या सुरुवातीला धाकटीच्या घराला असा चुना लागला.

भट्टीवर दोन भाऊ कामाला होते. घरं भिंतीला भिंत लावून. मोठ्याची बायको ती थोरली, लहान्याची ती धाकटी. धाकटीला पाच वर्षांची एक मुलगी आणि अंगावर पिणारं एक बाळ. ते बाळ पाठीला बांधूनच ती चाळणीवर बसायची. संध्याकाळी सोडलं की त्याच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असत. ती आधी स्वतःचे भेगाळलेले हात तेलात बुडवायची, मग त्याच्या भुवया पुसायची.

तिचा नवरा हौदावर असायचा. भट्टीत भाजलेली चुनखडी, म्हणजे कळी, पाण्यात टाकून विझवायची, ते त्याचं काम. आधी पाणी, मग थोडी थोडी कळी. उलटं करायचं नाही, हे भट्टीवरच्या पोरासोरांनाही ठाऊक. पण त्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि मुकादमाची घाई चालली होती. कळीचा ढीग हौदात आधीच पडला होता.

"ओत रे पाणी. लग्नाला मुहूर्त काढतोयस का?" मुकादम म्हणाला.

धाकटीच्या नवऱ्यानं पाणी सोडलं. चुना उकळून वर आला आणि वाकलेल्या तोंडावर फुटला.

तिसऱ्या दिवशी त्याला अंगणात बाजेवर निजवलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. घरात पाच बायका आणि पाच कुंचे.

"तू कुठे उठतेस गं बाळाला घेऊन?" थोरली धाकटीला म्हणाली. "बस तिथे. आजच्या दिवस या घराच्या मालकिणी आम्ही."

"वहिनी, दाराजवळ नीट मारा," बाजेवरून तो म्हणाला. "तिथं ओल येते."

"बघा, डोळे बांधलेत तरी खोड काढायची सवय जात नाही!" थोरलीनं कुंचा झटकला. "भाऊजी, तुम्ही पडून राहा. आपण भिंतीला चुना लावायचा आणि मालकानं आपल्याला, हे कधीचं ठरलंय."

सगळ्या हसल्या. तोही हसला. हसताना पट्टीखालची कातडी ताणली गेली तसा त्यानं दात आवळले. थोरलीनं ते पाहिलं आणि दाराच्या डावीकडच्या भिंतीवर तिसरा हात मारला.

आठ-दहा दिवसांनी दवाखान्यातल्या सिस्टरनं डाव्या डोळ्याची पट्टी काढली. डॉक्टर धाकटीला बाहेर घेऊन गेले. उजवा संपला होता. डाव्यात जीव होता, पण बुबुळावर साय धरायला लागली होती. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ती काढून वर नवीन साल बसवतात. दोन महिन्यांच्या आत बसवली तर डोळा राहील. पुढं गेलं तर साय आत मुरते.

"आणि खर्च?" धाकटीनं विचारलं.

डॉक्टरांनी खर्च सांगितला. तो आकडा तिच्या घरात कधी कुणी उच्चारलेलाच नव्हता.

घरी आणून तिनं त्याला बाजेवर बसवलं. तो बराच वेळ मान इकडेतिकडे फिरवत राहिला. मग थांबला.

"अगं, समोर पांढरं काय आहे?"

"भिंत."

"दाराच्या डावीकडची? वहिनीनं तीन हात मारलेली?"

"तीन मारले ते तुम्हाला कसं कळलं?"

"मोजले ना. कुंच्याचा आवाज येत होता." तो हसला. "दिसते गं. माणूस दिसत नाही, तू दिसत नाहीस, पण पांढरं दिसतं."

त्या दिवसापासून मुलीला खेळच मिळाला. सकाळी उठली की केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, तशीच जाऊन बापाच्या गुडघ्याला धरून विचारायची, "बाबा, पांढरं?"

तो भिंतीकडे मान वळवून म्हणायचा, "आहे."

मगच ती तोंड धुवायला जायची.

मदतीचं सिस्टरनं सांगितलं. तालुक्याला मदत कार्यालय आहे, गरजू कुटुंबांच्या ऑपरेशनचा खर्च ते देतात, फॉर्म भरावा लागतो. सिस्टरनं स्वतःच्या पेनानं फॉर्म भरून दिला, डॉक्टरांचा कागद जोडला. "मालकाचं पत्र लागेल तेवढं आण," ती म्हणाली.

मालकाच्या ओसरीवर धाकटी दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, सदर कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी झाला. ते तिला वाचता आलं नाही. सिस्टरनं वाचून दाखवलं.

"हे असं नको. बदलून आण," सिस्टर म्हणाली.

"बदलायला गेले तर हेही काढून घेतील."

तसंच जोडलं.

कार्यालयातली रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर आलेली असायची. पहिल्या दिवशी खिडकीपाशी पोचली आणि जेवणाची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी बाळाला थोरलीकडे ठेवून गेली. दुपारपर्यंत छाती दगडासारखी झाली आणि कापड ओलं व्हायला लागलं. तिनं फॉर्मची पिशवी छातीशी धरली. मग कागद भिजतील म्हणून काढली आणि हात आडवा धरून उभी राहिली. पुढचा माणूस मागं वळून बघत होता, पुन्हा बघत होता. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म घेतला, शिक्का मारला.

"चौकशीला माणूस येईल. घरी राहा."

"कधी येईल?"

"पत्रिका पाठवतो छापून," कारकून म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला.

माणूस आला तो दहा-बारा दिवसांनी. तरुण पोरगा, पायात चकचकीत बूट, हातात फोन. धाकटी धावतच घरी आली. थोरलीनं आपल्याकडची खुर्ची आणून टाकली, कुणी चांगल्यातला पेला आणला, कुणी साखर. पाहुणा दारात आल्यावर दुसरं काय करायचं असतं?

पोरगा घरभर बघत राहिला. तिरीप वरच्या झरोक्यातून भिंतीवर पडली होती आणि घर दुधासारखं चमकत होतं.

"रंग नवीन दिसतोय."

"हो साहेब," धाकटी म्हणाली. तिला बरंच वाटलं. "गेल्या महिन्यातच लागला. बाहेरून पण मारलाय."

"कुणी केलं काम?"

"सगळ्यांनी मिळून. हे पडले ना, म्हणून."

पोरगा चक्रावला. "आजारपणात रंगकाम काढलंत?"

"आमच्यात करतात," थोरली म्हणाली. "आणखी एक चमचा साखर घालू का साहेब?"

त्यानं चारही भिंतींचे फोटो घेतले. खुर्चीचा घेतला. बाजेवर बसलेल्या माणसाचा घेतला.

"तुम्हाला दिसतं का काही?"

"पांढरं दिसतं," तो उत्साहानं म्हणाला. "ही भिंत दिसते. तेवढा एक डोळा वाचवा साहेब, हौदावर नाही तर चाळणीवर तरी बसेन."

पोरानं मान हलवली, चहा संपवला आणि गेला. वस्ती दोन दिवस खुशीत होती. किती सभ्य माणूस, पेला स्वतः उचलून ठेवला.

पुढच्या आठवड्यात कारकुनानं खिडकीतून कागद सरकवला. अर्ज नामंजूर. कुटुंबाची राहणी समाधानकारक, घराचे नुकतेच रंगकाम केलेले, बसायला फर्निचर.

"फर्निचर कुठलं?"

"फोटोत खुर्ची आहे."

"ती जावेची आहे. तिलाही ती लग्नात..." धाकटी थांबली. "साहेब, तो रंग नाही. चुना आहे. फुकटचा. आम्ही चुन्याचंच काम करतो."

"बाई, मला कळलं. कागदाला कसं कळणार?" कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "फेरतपासणीचा अर्ज द्या. या वेळी दुसरे येतील, जुने आहेत, मायाळू आहेत. पण त्यांनाही फोटो लागतो. घर जसं आहे तसं दाखवा."

"असंच आहे साहेब घर."

"मग असं नसू दे," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

तिनं फेरतपासणीचा अर्ज दिला. दोन महिन्यांतले सहा आठवडे संपत आले होते.

तपासणी उद्या सकाळी, असा निरोप सिस्टरकडून आला. दुपारभर धाकटी चाळणीवर बसली, पण हातातली चाळणी तिला दिसत नव्हती. संध्याकाळी तिनं दिराला सांगितलं, ह्यांना जरा भट्टीवर फिरवून आणा, घरात बसून कंटाळलेत. थोरला खोकत खोकत भावाचा हात धरून गेला. ते दोघे वळणापलीकडे गेले तशी धाकटी थोरलीच्या दारात उभी राहिली.

"बाई, काजळी आहे का?"

थोरली चुलीपुढे होती. तिनं मान वर केली. सगळं तिला एका क्षणात कळलं.

"तिसरा हात मी मारलाय त्या भिंतीला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माझ्या अख्ख्या जन्मात कुणी चुना खरवडलेला बघितला नाही मी. मेल्या घराचासुद्धा."

"डोळ्यासाठी आहे बाई."

थोरली उठली. चुलीमागच्या भिंतीची काजळी तिनं खुरप्यानं घमेल्यात पाडली, वर राख टाकली, घमेलं उंबऱ्यावर ठेवलं.

"ने. पण माझ्यानं हात लावायचं होणार नाही. मला हाक मारू नकोस."

धाकटीनं राख आणि काजळी पाण्यात कालवली. कुंच्यानं मारलं तर मारलेलं दिसेल, म्हणून चिंधीनं पुसत गेली. वरून ओघळ सोडले. ओल आल्यासारखं दिसावं म्हणून खालचा चुना उलथण्यानं खरवडला. पांढरी पापुद्री तिच्या पायांवर, बाळाच्या अंगावर पडत राहिली. दाराची फळी उतरवून तिनं मागच्या बाजूला आडवी टाकली आणि दारात गोणपाट टांगलं. झरोक्यात चिंध्या कोंबल्या. आधी तीन भिंती केल्या. डावीकडच्या भिंतीपुढे ती चिंधी हातात धरून उभी राहिली. ही एक सोडली तर? पण दारातून आत आलं की पहिली तीच दिसत होती. फोटोत पहिली तीच येणार होती. तिनं डोळे मिटून पहिला फटकारा मारला, मग डोळे उघडून बाकीची पुसून काढली.

मुलगी कोपऱ्यात उभी होती. "आई, घर का खराब करतेस?"

"गंमत आहे. कुणाला सांगायची नाही. आज तू मोठ्या आईकडे निजायचंस."

तो परत आला तेव्हा अंधारून आलं होतं. दारात हात पुढे करून तो गोणपाट चाचपत राहिला. "फळी कुठे गेली?"

"बिजागरी निखळली. उद्या बसवू."

"काजळीचा वास येतोय."

"चूल धुरावली होती," ती म्हणाली. त्याला सांगायचं तिनं ठरवलं होतं. जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं. त्याच्या तोंडाकडे बघून तिला वाटलं, सकाळी सांगू, साहेब यायच्या आधी. त्याला खोटं बोलता येत नसे. आधीपासून माहीत असलं तर तो साहेबांपुढे सगळं सरळ सांगून टाकेल.

सकाळी ती पाणी आणायला गेली होती. घागर घेऊन परतली आणि गोणपाट बाजूला सारून आत आली तर तो बाजेवर सरळ बसलेला. भिंतीकडे तोंड. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे.

"पोरगी कुठंय?" त्यानं विचारलं.

"मोठ्या आईकडे आहे."

"बरं झालं." तो म्हणाला, "आज ती विचारेल म्हणून मी घाबरलो होतो."

धाकटीची घागर कमरेवरच राहिली.

"गेलं गं," तो म्हणाला. "मी उठल्यापासून बघतोय. डोळा चोळला, मिटला, उघडला. पांढरं नाही. काहीच नाही तिथं."

ती तोंड उघडणार एवढ्यात बाहेर थोरल्याचा आवाज आला. "या साहेब. वाकून या, दार नाहीय."

म्हातारे तपासनीस आत आले. त्यांनी बूट बाहेर काढले होते. अंधाराला डोळे सरावेपर्यंत ते उभे राहिले, मग त्यांच्या तोंडून नकळत 'अरेरे' निघालं. त्यांच्या मागं आलेल्या माणसानं फोटो घ्यायला सुरुवात केली. तपासनीस बाजेच्या कडेवर टेकले. आधी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय दादा, किती दिसतं?"

"नाही दिसत."

"म्हणजे अगदीच? उजेड, सावली?"

"कालपर्यंत दिसत होतं साहेब. भिंत दिसत होती. आज सकाळपासून ती पण गेली." आणि मग तो रडला. सहा आठवड्यांत तो एकदाही रडला नव्हता. आता तोंड न झाकता, लहान मुलासारखा, नाक ओढत रडला. उजव्या डोळ्यातूनही पाणी येत होतं.

तपासनिसांनी त्याच्या तोंडापुढं दोन बोटं धरली. मागं काळी भिंत होती. तो त्यांच्या आरपार बघत राहिला.

धाकटी घागर घेऊन उभी होती. एक शब्द बोलायचा होता. भिंत मी काळी केलीय. एवढंच. पण तो शब्द निघाला की कागद उलटणार होता, पुन्हा ती रांग, पुन्हा तो जिना, आणि दोन आठवडे उरले होते. आणि म्हाताऱ्यांचे डोळे ओले झालेले तिला दिसत होते. तिला वाटलं, रडू दे. आत्ता रडू दे, घटकाभरात सांगेन. या रडण्यानं काम होतंय.

तपासनिसांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, एक खूण खोडली, दुसरी केली. शाईची डबी पुढे करून त्यांनी त्याचा अंगठा स्वतःच्या हातानं धरून कागदावर टेकवला.

"ताई, काळजी करू नका," जाताना ते धाकटीला म्हणाले. "मी चांगलं लिहिलंय. तुमचं काम अडणार नाही."

त्यांची पावलं दूर गेली तशी तिनं घागर ठेवली, नवऱ्याचा हात धरला आणि त्याला ओढतच अंगणात आणलं.

"वर बघा."

"कशाला?"

"बघा म्हणते ना!"

त्यानं तोंड वर केलं. ऊन त्याच्या तोंडावर पडलं. कपाळ आकसलं.

"उजेड आहे," तो कुजबुजला. "अगं, उजेड आहे!"

"डोळा गेला नाही. भिंत मी काळी केलीय. काल. काजळीनं."

तो आधी हसला. मोठ्यानं हसला, तिच्या खांद्याला धरून, श्वास लागेपर्यंत. मग आत गेला, डावीकडच्या भिंतीवरून हात फिरवला, खरवडलेल्या जागी बोट घातलं, बोटाचा वास घेतला.

"म्हणजे मी साहेबांपुढं खोटं बोललो," तो म्हणाला.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तुला होतं."

संध्याकाळी तिनं झरोका मोकळा केला, फळी बसवली आणि भिंत धुऊन चार हात चुना मारला. काजळी खालून डोकावतच राहिली. वाळल्यावर भिंत राखाडी दिसत होती. थोरली दारावरून दोनदा गेली, थांबली नाही. सकाळी मुलगी धावत आली.

"बाबा, पांढरं?"

"आहे," तो म्हणाला. "थोडं मळकं आहे."

दोन आठवड्यांनी कार्यालयातून बोलावणं आलं. कारकुनानं धाकटीला ओळखलं, खिडकीतूनच हसला.

"झालं बाई तुमचं. दर महिन्याला अनुदान मंजूर. इतक्या लवकर कुणाचं होत नाही. साहेबांनी स्वतः जोर लावला."

"आणि ऑपरेशन?"

"तो अर्ज निकाली काढला."

"निकाली म्हणजे?"

"म्हणजे संपला. ऑपरेशनची मदत थोडंफार दिसत असेल त्याला. हे बघा, 'पूर्ण अंध'. खाली त्यांचा अंगठा. पूर्ण अंध माणसाला महिन्याचं अनुदान. साहेबांनी तुमचं चांगलंच केलं."

धाकटीनं खिडकीची सळई धरली. "दिसतं त्यांना."

"काय?"

"दिसतं. डॉक्टरांचा कागद आहे ना आत."

"तो जुना. तपासणी नंतरची." कारकुनानं मागं बघितलं, खुर्ची पुढे ओढली. "हळू बोला. दिसतं म्हणालात तर महिन्याचं पण जाईल. वर खोटी माहिती दिली म्हणून चौकशी लागेल. हे घ्या, सही करा, घरी जा. लेकरं आहेत तुम्हाला."

"लिहा, दिसतं म्हणून."

"बाई..."

"भिंत मी काळी केली होती. तुम्हीच म्हणालात ना, असं नसू दे. ते मला म्हणाले, काहीच दिसत नाही, आणि मी गप्प बसले. लिहा ते पण."

रांगेतली माणसं पुढं सरकून ऐकत होती. कारकुनाचं तोंड उतरलं. "मी असं काही म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "मी म्हणालो, आहे तसं दाखवा." त्यानं एक कोरा फॉर्म सरकवला. "फेरपडताळणी. मोठ्या दवाखान्याचा दाखला लागेल. तिथं नाव घाला, तारीख मिळेल."

तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर ती सिस्टरकडे गेली, डॉक्टरांकडे गेली, मालकाच्या ओसरीवर जाऊन बसली. म्हाताऱ्या तपासनिसांच्या घराचा पत्ता काढून तिथं गेली. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते.

घरात रोज सकाळी मुलगी विचारत होती. 'आहे' चं 'आहे वाटतं' झालं. मग तो भिंतीकडे मान वळवायला वेळ लावू लागला. मग एका सकाळी त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "तू सांग ना आता मला. तुला तर दोन डोळे आहेत. आहे का पांढरं?"

"आहे," मुलगी म्हणाली.

"झालं तर मग."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून दोन मिनिटं बघितलं. साय आत मुरली होती. उशीर का केलात, त्यांनी विचारलं. धाकटीनं पिशवीतले कागद काढून पुढं ठेवले. दाखल्यावर त्यांनी लिहून दिलं, पूर्ण अंध. आता कागद खरा झाला होता. महिन्याचे पैसे सुरू झाले. बाळाला दूध सुरू झालं. तेवढं मात्र खरं.

पुढच्या थंडीत थोरला पडला. खोकला जुनाच होता, आता रक्त येऊ लागलं. छातीत चुना साठलाय, डॉक्टर म्हणाले. त्याच्यासाठीही कुठून मदत मिळते का, हे सिस्टर महिनाभर आधीपासूनच बघत होती.

तिसऱ्या दिवशी धाकटी चाळणीवरून लवकर उठली. सगळ्यात पांढरा, दोनदा चाळलेला चुना तिनं बाजूला ठेवला होता. तो बादलीत कालवला, गाळला, नवा कुंचा घेतला. नवरा ओट्यावर बसून दोरी वळत होता. ते काम आता त्याच्या हाताला बसलं होतं.

"वहिनीकडे निघालीस?"

"हो."

"माझ्या नावाचा तिसरा हात मार," तो म्हणाला. "दाराच्या डावीकडे."

वस्तीत कुणाच्याच दारात बादली दिसत नव्हती. बायका आपापल्या उंबऱ्यात होत्या, तिच्याकडे बघून आत जात होत्या. थोरलीच्या घराची एकच पायरी. धाकटीनं तिच्यावर पाय ठेवला. दोघी वर्षभर गरजेपुरतंच बोलत होत्या. आज ती कुंचा पुढे करून, काही न बोलता आत शिरणार होती.

थोरली दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. मागं आत, थोरला खोकत होता आणि भिंतींवरून ओघळ उतरत होते.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीची नजर बादलीत गेली. चुना किती पांढरा आहे, तिनं पाहिलं.

"आज नको गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "परवा तपासणी आहे."

"नंतर आणू?"

"बघू. काय लिहितात त्याच्यावर." थोरलीनं काळा हात दाराच्या कडेला पुसला. "फळी उतरवायला जरा हात लावतेस का? मला एकटीला उचलत नाही."

धाकटीनं बादली खाली ठेवली. दोघींनी मिळून फळी उतरवली, मागं नेऊन आडवी टाकली. धाकटीनं गोणपाटाची दोन टोकं दोरीनं बांधून दिली.

मग बादली उचलून ती घरी आली. ओट्यावरच्या हातांतली दोरी थांबली. त्यानं तिच्या पावलांकडे कान दिला, बादलीच्या कडीकडे दिला.

"अगं," तो म्हणाला, "बादली भरलेलीच आली की."